फरशीला पाझर

नव्या घरी येणारा पाहुणा पहिल्यांदा खाली बघतो, हे माझं वास्तुशांतीपासूनचं निरीक्षण आहे. भिंतींचा रंग, ओट्याचा दगड, मी हौसेने बसवून घेतलेलं झुंबर, या सगळ्यांची पाळी नंतर. आधी उंबऱ्याशी उभं राहून खाली बघायचं आणि म्हणायचं, "वा! फरशी अगदी आरशासारखी आहे हो!" यावर आम्ही नवराबायकोने नम्रपणे हसायचं. फरशीत उमटलेलं ते हसू मी पाहिलेलं आहे. त्यात नम्रपणा कमी आणि वीस वर्षांचे हप्ते जास्त दिसतात.

ही फरशी म्हणजे पॉलिश केलेली पोर्सिलेन टाइल. दुकानदार तिला 'व्हिट्रिफाइड' म्हणतात. दोन फूट बाय दोन फूट, रंग हस्तिदंती. चावी हातात देताना बिल्डरच्या माणसाने सांगितलं होतं, "साहेब, हिला काही म्हणजे काही करावं लागत नाही. ओलं फडकं फिरवलं की झालं. जन्मभर बघायला नको." मी बँकेत कारकून आहे. 'जन्मभर बघायला नको' असं सांगणाऱ्या कुठल्याही योजनेकडे पहिल्या दिवसापासून बघत राहावं, एवढं मला नोकरीने शिकवलंय. पण घर घेताना माणूस कारकून राहत नाही, गिऱ्हाईक होतो. आणि गिऱ्हाइकाला कोणीही काहीही सांगावं.

या फरशीवर नाखूश होती ती फक्त आई. वाईजवळच्या गावातलं घर बंद करून ती आमच्याकडे राहायला आली आणि दारातच थबकली.

"अरे, पाणी सांडलंय सगळीकडे."

"पाणी नाही गं आई, चकाकी आहे ती."

तिने नदीत उतरताना टाकतात तसा एक पाय पुढे टाकला, अंदाज घेतला, आणि भिंतीला हात लावून कडेकडेने देवघरापर्यंत गेली. त्यानंतर ती घरभर कडेकडेनेच चालू लागली. हॉलच्या मधून सरळ चालत गेलेली मी तिला पाहिलीच नाही. लेकाच्या घरात आईने घाट उतरल्यासारखं चालावं हे मला खुपत होतं. पण बसवलेली फरशी बदलता येत नाही, आणि सत्तरी ओलांडलेली आई तर त्याहून नाही.

मग गौरी आल्या. आवाहनाच्या दिवशी आई अशी काही पदर खोचून उभी राहिली, की ही तीच बाई यावर विश्वास बसेना. एका वाटीत ओली हळद, दुसरीत कालवलेलं कुंकू. मूठ बुडवायची, जमिनीवर टेकवायची, की पाऊल उमटतं. मग बोटांच्या टोकांनी पाच ठिपके, की अंगठ्यासकट पाऊल पुरं. दारापासून देवघरापर्यंत तिने गौरीची पावलं काढली, एक हळदीचं, एक कुंकवाचं. आणि ती हॉलच्या मधून काढली. गौर काही भिंतीला धरून चालत नाही.

तिसऱ्या दिवशी विसर्जन झालं. ओलं फडकं फिरवलं. गौर गेली, पावलं राहिली.

सौभाग्यवतीने फडकं बदललं, पाणी गरम घेतलं. पावलं जागच्या जागी. मग तिने कपडे धुण्याचा सोडा लावून घासलं आणि किंचाळली. हळदीची पिवळी पावलं लालभडक झाली होती. मी धावत जाऊन न्हाणीघरातली अ‍ॅसिडची बाटली आणली, चार थेंब टाकले. पावलं पुन्हा पिवळी. पुन्हा सोडा, पुन्हा लाल. फरशी आहे की चौकातला सिग्नल, हे कळेना. शेवटी नववीतली कन्या पुस्तकातून डोकं वर न काढता म्हणाली, "बाबा, हळद इंडिकेटर असते. अल्कलीत लाल, अ‍ॅसिडमध्ये पिवळी. तू दिवसभर केलंस तरी एवढंच होणार." मी कॉमर्सचा. आमच्याकडे लाल शाई पाहिली की तोटा, यापलीकडे रसायनशास्त्र नाही. पूर्वी कुंकू करायचे ते हळदीला चुना किंवा तसलंच काही खारं लावूनच, हे मला मागाहून कळलं. म्हणजे आमची ही हळदीचा डाग काढायला बसली होती आणि प्रत्यक्षात घरच्या घरी कुंकू तयार करत होती.

आई हे सगळं देवघराच्या दाराशी उभी राहून बघत होती. संध्याकाळी जेवताना ती एवढंच म्हणाली, "पुढच्या वर्षी गौरी गावाकडेच बसवू. तिथली जमीन आपली आहे."

सातबाऱ्याविषयी ती बोलत नव्हती. मला घास गिळवेना.

बँकेत एखाद्या खात्यात घोळ दिसला, की आम्ही जुनी लेजरं काढतो आणि पहिल्या नोंदीपासून टिकमार्क करत येतो. फरशीचं खातंही मी तसंच उघडलं. काहीच मुरत नाही म्हणतात त्या फरशीत हळद मुरलीच कशी, हा माझा प्रश्न होता. आणि पहिलीच नोंद निघाली कवडीची. पोर्सिलेन हा शब्द इटालियन लोकांच्या 'पोर्चेल्लाना'वरून आला, आणि पोर्चेल्लाना म्हणजे कवडी. चीनमधली ती गुळगुळीत, पांढरी, चमकदार भांडी पाहून त्यांना कवडी आठवली. मार्को पोलोच्या प्रवासवर्णनात कवडीला आणि चिनी भांड्यांना एकच शब्द आहे. तीच कवडी आपल्याकडे चलन होती. बंगाल-ओडिशाकडे तर एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत लोक कवड्यांनी व्यवहार करत. म्हणजे बत्तीस रुपये चौरस फूट मजुरी वेगळी देऊन, सोसायटीच्या दोन माणसांना मध्ये घालून, मी घरभर कवड्या पसरून घेतल्या होत्या.

चिन्यांची युक्ती मातीत होती. जिंगदेझेन या कुंभारांच्या गावाजवळ गाओलिंग नावाची टेकडी आहे. तिथल्या पांढऱ्या मातीला जग आज केओलिन म्हणतं. तिच्यात एक विशिष्ट दगड कुटून मिसळायचा आणि तेराशे अंशांच्या आसपास भाजायचं. त्या आचेत दगड वितळतो, मातीच्या कणाकणांत शिरतो, आणि निवला की सगळं काचेसारखं घट्ट होऊन बसतं. साधा माठ पाझरतो, हे पाझरत नाही. युरोपातल्या राजांनी शतकानुशतकं ही भांडी सोन्याच्या भावाने विकत घेतली, पण ती करायची कशी हे तिकडे कोणालाच कळेना.

इथे या खात्यात दोन इसम येतात, त्यांच्यापाशी थोडं थांबलंच पाहिजे. कारण इतकं अस्सल बँकिंगचं प्रकरण मला आमच्या शाखेतही सापडलं नाही. पहिला इसम सॅक्सनीचा सत्ताधीश ऑगस्टस. याला चिनी भांड्यांचं असं वेड, की १७१७ साली त्याने आपले सहाशे घोडेस्वार सैनिक शेजारच्या प्रशियाच्या राजाला देऊन त्याच्याकडून १५१ भांडी घेतली. मी गणित केलं. एका भांड्याला जवळजवळ चार शिपाई पडतात. आमच्या शाखेत एकच शिपाई आहे आणि त्याच्या बदल्यात कोणी कपबशीसुद्धा देणार नाही, हा भाग वेगळा.

दुसरा इसम योहान फ्रीडरिश ब्योटगर, औषधाच्या दुकानातला उमेदवार. आपल्याला साध्या धातूचं सोनं करता येतं, अशी याने बर्लिनमध्ये हवा केली. प्रशियाच्या राजाला सोनं हवंच होतं. तो पकडायला निघाला, तेव्हा हा १७०१ मध्ये पळून सॅक्सनीत आला. ऑगस्टसने त्याला तत्काळ कोंडून घातलं आणि म्हणाला, कर सोनं. वय वर्षं एकोणीस. पुढची कित्येक वर्षं राजा पैसा ओतत राहिला आणि हा पठ्ठ्या 'आता होतंय, एवढ्यात होतंय' म्हणत राहिला. आमच्याकडे अशा खात्याला थकीत म्हणतात आणि मॅनेजरची बदली होते. पण तिथे चिर्नहाउस नावाचा एक जाणता शास्त्रज्ञ होता. त्याने ब्योटगरला सोन्यावरून मातीवर आणलं. १७०८ साली त्यांच्या भट्टीतून पांढरी, उजेड आरपार जाणारी चिनीमाती निघाली. चिर्नहाउस बिचारा त्याच वर्षी वारला. १७१० मध्ये माइसेनच्या किल्ल्यात कारखाना निघाला. किल्ल्यात अशासाठी, की गुपित बाहेर जाऊ नये. सोनं देणं लागत होता, त्याच्याकडून बशी घेऊन राजाने खातं मिटवलं. वन टाइम सेटलमेंट म्हणतात ती हीच. ब्योटगर १७१९ मध्ये गेला, जेमतेम सदतिसाव्या वर्षी. आणि किल्ल्यात ठेवलेलं गुपित? ते त्याच सुमाराला फितुरांच्या तोंडून व्हिएन्नाला पोचलं होतं.

हे झालं भांड्याचं. भांडं पायाखाली आलं ते एका बटणामुळे. बर्मिंगहॅमच्या रिचर्ड प्रॉसरने १८४० मध्ये पेटंट घेतलं, मातीची जवळजवळ कोरडी भुकटी साच्यात जोराने दाबून बटणं करण्याचं. हर्बर्ट मिंटन या कारखानदाराने ते पाहिलं आणि त्याच्या मनात आलं, बटण होतं तर फरशी का नाही होणार? मिंटनच्या फरश्या मग बोटीत बसून मुंबईपर्यंत आल्या. भायखळ्याचं भाऊ दाजी लाड संग्रहालय १८७२ साली लोकांना खुलं झालं. तिथे त्या अजून पायाखाली आहेत. मी मुद्दाम जाऊन बघून आलो. लोक वरची झुंबरं आणि सोनेरी खांब बघत होते, मी खाली मान घालून फिरत होतो. पहारेकऱ्याला माझी काहीतरी वस्तू हरवलीय असं वाटलं आणि तोही माझ्याबरोबर शोधू लागला.

भुकटी दाबायची ती रीत अजून तीच आहे, फक्त दाब राक्षसी झाला. इटलीतल्या सासुओलो गावाच्या आसपासच्या कारखान्यांनी १९८०च्या दशकात पोर्सिलेनच्या फरशीला पॉलिश करून आरशासारखं केलं. नव्या शतकाच्या तोंडाशी ती विद्या गुजरातेत मोरबीला आली. मोरबी म्हणजे १९७९ साली मच्छू धरण फुटून ज्याची वाताहत झाली ते गाव. तिथे आधीपासून कौलं होत, भिंतीवरची घड्याळं होत. चिनी कुंभाराची भट्टी दिवस-दिवस जळायची. मोरबीची फरशी रुळांवरून भट्टीत शिरते आणि बाराशे अंशांतून न्हाऊन तासाभरात पलीकडे निघते. माझ्या बँकेत डिमांड ड्राफ्टला याहून जास्त वेळ लागायचा.

आणि घोळ सापडला तो इथे. भाजताना माती कितीही काच झाली, तरी तिच्या पोटात हवेचे बारीक बुडबुडे राहतात. चहूकडून बंद, डोळ्यांना न दिसणारे. बरणीला त्याची फिकीर नसते, कारण बरणीवर काचेचा लेप असतो. माझ्या फरशीवर लेप नाही. तिची चकाकी म्हणजे तिचं स्वतःचं अंग घासघासून आणलेलं तेज. घासताना वरचा पापुद्रा जातो, खालचे बुडबुडे मधोमध कापले जातात, आणि काल ज्या बंद खोल्या होत्या त्या आज उघड्या वाट्या होतात. पाणी ती पितच नाही म्हटलं तरी चालेल. नियमाप्रमाणे वजनाच्या अर्ध्या टक्क्याहून जास्त प्यायची तिला परवानगीच नाही. पण अर्ध्या टक्क्यात काय होतं हे बँकवाल्याला सांगायला नको. लोक अर्ध्या टक्क्यासाठी कर्ज उचलून दुसऱ्या बँकेत नेतात. गौरीच्या हळदीने तेच केलं. उघड्या वाट्या दिसल्या, खाती उघडली.

हे सगळं मी जेवणावर घरच्यांना समजावून सांगितलं. हिने पोळी वाढली, कन्येने जांभई दिली. आईने मात्र हातातला घास खाली ठेवला.

"म्हणजे बरणीवर असतो तसा लेप हिला नाहीच. आणि अंग घासून आतली माती उघडी पाडली?"

"हो."

"मग मुरणारच की रे. आणि त्यावर काहीच घातलं नाही?"

"कारखान्यात घालतात काहीतरी म्हणे, पण ते झिजतं. मग सीलर घालावा लागतो. पातळ असतो. त्या छिद्रांत जाऊन बसतो."

"म्हणजे सारवण," आई म्हणाली, आणि तिने घास उचलला.

मी तीनशे वर्षं आणि दोन खंड फिरून जिथे पोचलो होतो, तिथे ती भाताच्या एका घासात आली. गावच्या घराची जमीन तिने लग्नाच्या दुसऱ्या दिवसापासून सारवली. चोपण्याने चोपलेली भुई, वर शेणाचा हात, उजव्या हाताने अर्धगोल ओढत मागे मागे सरकत यायचं. जमीन वाळली की ते अर्धगोल एकात एक अडकवलेल्या बांगड्यांसारखे दिसायचे. वडिलांची बदली झाली आणि शहाबादी फरशी आली. "आता सारवायला नको," म्हणून वडिलांनी पेढे वाटले होते. शहाबादी म्हणजे चुनखडीचा दगड. लिंबू पडलं की पांढरा डाग, चिंच पडली की पांढरा डाग; मग आई नारळाची शेंडी आणि विटकरीची भुकटी घेऊन बसायची. पुढे मोझॅक आलं. सिदवा काका-पुतण्यांनी १९२२ साली स्वदेशीच्या हाकेला ओ देऊन मुंबईकडे सिमेंटच्या फरश्यांचा कारखाना काढला होता. आमच्यापर्यंत सिमेंटची फरशी यायला साठेक वर्षं लागली. "आता घासायला नको," वडील म्हणाले. मग दर काही वर्षांनी पॉलिशचं यंत्र यायचं, घरभर गढूळ राडा, ऑक्झॅलिक अ‍ॅसिडचा हात, आणि आठ दिवस चहात खडी. प्रत्येक जमीन येताना 'आता काही करायला नको' म्हणत आली आणि आईच्या हातात वेगळं फडकं देऊन बसली. चावी देणाऱ्या बिल्डरच्या माणसाला हा इतिहास ठाऊक असता, तरी तो तेच म्हणाला असता.

तर सीलर. दुकानदाराने चार सूचना दिल्या आणि त्या घरी येऊन आईला सांगायची माझ्यावर वेळ आली, कारण मुकादमी तिने आपणहून घेतली होती. पहिली, डाग आधी काढायचे. डागासकट सीलर घातला तर डागाला कायमची नोकरी मिळते. दुसरी, कारखान्यातून फरशीवर जे मेण आलेलं असतं ते पुरतं उतरवायचं, नाहीतर सीलर आत जातच नाही. तिसरी, हायड्रोफ्लोरिक अ‍ॅसिड असलेलं काहीही वापरायचं नाही. ते काचही खातं, माणसालाही. चौथी आणि महत्त्वाची, सीलर लावून थोडा वेळ ठेवायचा आणि वाळायच्या आत पुसून काढायचा. वर राहिला तर धुकं धरतं.

डाग काढायला औषधाच्या दुकानातून हायड्रोजन पेरॉक्साइड आणलं, चिंध्या भिजवून पावलांवर ठेवल्या, वर प्लॅस्टिक. बाल्कनीकडच्या पावलांना त्याचीही गरज पडली नाही. तिथली हळद उन्हाने आपोआप उडाली होती. "हळदीचा डाग उन्हात टाकावा, हे तुमच्या पुस्तकात नाही का?" आईने नातीला विचारलं. कुंकवाला दोन रात्री लागल्या, देवघरापाशीच्या दोन पावलांना चार. आई रोज सकाळी वाकून तपासायची आणि आम्हाला दिसतही नसलेल्या जागेवर बोट ठेवायची. "हे राहिलंय बघ."

रविवारी खिडक्या सताड उघडून सीलर लावायला घेतला. हॉल मी केला. मी कॅश मोजतो तसा एकेक फरशी मोजून करत होतो, आणि पहिल्या चार फरश्यांवरच धुकं धरलं, कारण मोजण्यात पुसायचं राहिलं. ते दुसऱ्यांदा सीलर लावून, ओलं असतानाच पुसून काढावं लागलं. देवघरासमोरच्या सहा फरश्यांना मात्र आईने कोणाला हात लावू दिला नाही. हिने तिला नारिंगी रबरी हातमोजे घालायला लावले. "आई, शेण नाहीये ते, औषध आहे," ही म्हणाली. "शेण बरं होतं," आई म्हणाली, पण मोजे घातले, पाट घेतला, आणि या घरात आल्यापासून पहिल्यांदा जमिनीवर बसली. उजवा हात अर्धगोल ओढत ती पाटासकट मागे मागे सरकत आली. मी घड्याळ धरून "आता पूस, आता पूस" म्हणत होतो. तिने पुसलं, पण सारवलेलं पुसून टाकायची तिच्या हाताला सवय नाही.

सीलरने घसरणं कमी होत नाही, हे दुकानदाराने मला पैसे घेऊन झाल्यावर सांगितलं. आई अजून भिंतीला धरूनच चालते. फक्त देवघराच्या अलीकडे सहा फरश्या राहिल्या की हात भिंतीवरून काढते.

दिवसा तिथे काही दिसत नाही. पण संध्याकाळी पाचच्या सुमाराला बाल्कनीतून तिरपं ऊन आत आलं, की त्या सहा फरश्यांवर पुसट अर्धगोल उमटतात, एकात एक अडकवलेले. ते कसे काढायचे हे आता आम्हाला पाठ आहे. त्यावर पुन्हा सीलर लावायचा आणि लगेच पुसायचं, दहा मिनिटांचं काम. बाटलीत पाव भाग शिल्लकही आहे. ती कुठे ठेवलीय हे मी हिला दोनदा विचारलं. घरातली सुई कुठे आहे ते अंधारात सांगणारी ही बाई म्हणते, आठवत नाही.